गोऱ्या पात्रांना पांढरा रंग लावू, असं कुणी का नाही म्हणालं?

प्रश्न

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरातून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. तिथल्या हौशी मराठी नाट्यगटात त्या दिग्दर्शन करतात. येत्या महोत्सवासाठी त्यांनी ब्रूस नॉरिस यांचं 'क्लायबोर्न पार्क' निवडलं, निम्मं भाषांतर केलं, वाचनं सुरू केली आणि तिथेच गाडी अडली. नाटकाला पाच गोरे आणि दोन कृष्णवर्णीय नट लागतात, गटात सगळे मराठी. रंगभूषाकार म्हणतात, त्या दोघांना थोडा गडद मेकअप करू. दुसऱ्या अंकातले वांशिक विनोद ऐकून कार्यकारिणीने निरोप पाठवला, "कुटुंबं येतात, एवढं कापा." एका ज्येष्ठ सभासदांचा आग्रह आहे की सगळं गिरगावात आणा, मराठी कुटुंब आणि बाहेरचा बिल्डर दाखवा, लोक डोक्यावर घेतील. आणि बऱ्याच जणांचं म्हणणं असं, की हा गोऱ्या-काळ्यांचा वाद, आपण त्यात कुठेच नाही. शेवटी त्या विचारतात, "नाटक सोडून देऊ की रेटून नेऊ?"

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मनातून जात नाही. सात जणांचा संच, सगळे आपले गव्हाळ-सावळे मराठी चेहरे. त्यातल्या दोघांना गडद रंग लावायचा प्रस्ताव आला. उरलेल्या पाच जणांना पांढरा रंग लावू, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. याचा अर्थ सगळ्यांनी न बोलता एक गोष्ट धरून चालली आहे. गोऱ्यांच्या जागी आपण आहोत तसे चालतो, वेगळं व्हावं लागतं ते कृष्णवर्णीय होताना. यात कुणाच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. पण "आपण त्यात कुठेच नाही" याचं उत्तर तुमच्याच रंगपेटीने दिलं आहे. पुढच्या तालमीला इतर काही करण्याआधी हा प्रश्न सगळ्यांसमोर ठेवा आणि दहा मिनिटं लोकांना बोलू द्या. या नाटकाची पहिली खरी तालीम तीच असेल.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिला अंक १९५९ मधला. शिकागोतली काल्पनिक गोरी वस्ती, क्लायबोर्न पार्क. रस आणि बेव्ह हे जोडपं घर विकून निघालं आहे. मुलगा केनेथ कोरियाच्या युद्धावरून परतला आणि त्याने याच घरात आत्महत्या केली, त्यानंतर शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. आता कळतं की घर घेणारं कुटुंब कृष्णवर्णीय आहे, आणि कार्ल लिंडनर नावाचा शेजारी सौदा मोडायला येतो. घरातली मोलकरीण फ्रॅन्सीन आणि तिला न्यायला आलेला नवरा अल्बर्ट, दोघांना उभ्या उभ्या या वादात ओढलं जातं. दुसरा अंक २००९ चा, घर तेच. मधल्या पन्नास वर्षांत वस्ती कृष्णवर्णीयांची झाली, पडझड झाली, आणि आता भाव पुन्हा चढतायत. स्टीव्ह आणि लिंडसी हे गोरं जोडपं घर पाडून मोठं बांधणार आहे. वस्तीच्या वतीने लीना आणि केव्हिन हरकत घेतात. बोलणी इमारतीच्या उंचीवर सुरू होतात आणि घसरत घसरत एकमेकांना झोंबणाऱ्या विनोदांवर येतात. दोन्ही अंकांत नट तेच. २०१० मध्ये न्यूयॉर्कला पहिला प्रयोग झाला, २०११ मध्ये पुलित्झर आणि २०१२ मध्ये टोनी मिळालं.

कार्ल लिंडनर हे पात्र नॉरिस यांचं स्वतःचं नाही. लॉरेन हॅन्सबेरी यांच्या १९५९ च्या 'अ रेझिन इन द सन' मध्ये हाच माणूस हे घर घेणाऱ्या कृष्णवर्णीय यंगर कुटुंबाकडे जातो आणि आमच्या वस्तीत येऊ नका, पैसे घ्या, असं सुचवतो. म्हणजे तुमचा पहिला अंक त्या नाटकाच्या भिंतीपलीकडे घडतो. तुमच्या नटांनी ते नाटक आधी एकदा मोठ्याने वाचलं पाहिजे. त्याशिवाय कार्ल करणाऱ्याला आपण कुठून चालत आलो तेच कळणार नाही.

आता मेकअप. याचं उत्तर सरळ "नाही" असं आहे. अमेरिकेत १८३० च्या दशकापासून गोरे नट चेहऱ्याला जळक्या बुचाची काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत. 'जिम क्रो' हे अशाच एका सोंगाचं नाव. पुढे दोन वंशांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांनाच ते नाव पडलं. हा इतिहास जिथे लोकांना पाठ आहे त्याच शहराच्या उंबरठ्यावर तुम्ही प्रयोग करणार आहात. शिवाय या नाटकापुरता प्रश्न आधीच निकाली निघालेला आहे. २०१२ मध्ये बर्लिनच्या डॉइचेस थिएटरने एका कृष्णवर्णीय भूमिकेसाठी गोरी नटी घेऊन तिला रंग लावायचं ठरवलं, तेव्हा नॉरिस यांनी प्रयोगाची परवानगीच काढून घेतली आणि उघड पत्र लिहून बाकीच्या नाटककारांनाही तसंच करायला सांगितलं. तुमचा हेतू चांगला असेल, पण हेतू पहिल्या रांगेतून दिसत नाही. रंग दिसतो.

मग रंग न लावता सातही मराठी चेहऱ्यांनीच करावं का? मराठी रंगभूमी संकेतांवर चालते, प्रेक्षक मानून घेतो, हे खरं. पण पहिल्या अंकात अल्बर्ट हातात टोपी धरून दारापाशी उभा असतो आणि त्याच्यासमोर त्याच्याच लोकांबद्दल "ते" असं बोललं जातं. तिथे नटाला वाक्यं फार नाहीत. तो त्या खोलीत वेगळा दिसतो, यावरच प्रसंग उभा आहे. सातही चेहरे एका रंगाचे झाले की अल्बर्ट नुसता संकोची पाहुणा होतो. म्हणून घरच्या घरी वाचन करायला सातही मराठी चालतील, तिकीट लावून प्रयोग करायला नाही, असं माझं मत आहे.

या दोन्ही टोकांच्या मधली एक वाट आहे आणि ती तुम्ही राहता तिथेच शक्य आहे. दोन भूमिका कृष्णवर्णीय नटांना द्या. ते इंग्रजीत बोलतील, बाकीचे पाच मराठीत. तुमचा प्रेक्षक दोन्ही भाषा जाणतो, भाषांतराच्या पट्ट्या लागणार नाहीत. पात्रांमध्ये कुणालाही भाषेची अडचण नाही, हा संकेत पहिल्या पाच मिनिटांत बसतो, मात्र मधेच कुणीही भाषा बदलायची नाही. एकाने जरी सोयीसाठी इंग्रजी वाक्य टाकलं की संकेत फुटतो. या वाटेत एक धोका आहे. लीना आणि केव्हिन स्वतःच्याच वस्तीत परके वाटू लागतील. म्हणून दुसऱ्या अंकात ती दोघं बसलेली असताना बाकीचे आत येऊ द्या. खोली आधी त्यांची दिसू दे.

शिकागोत ब्लॅक एन्सेंबल थिएटर, काँगो स्क्वेअर अशा संस्था कितीतरी वर्षं काम करतायत. हौशी गट म्हणून संकोच करू नका, पण जाताना तीन गोष्टी नक्की करून जा. मानधन, मग तुमचे बाकीचे नट फुकट काम करत असले तरी. भाषांतराची इंग्रजी ओळन् ओळ, म्हणजे समोरचा मराठीत काय बोलतोय हे त्यांना कळेल. आणि प्रत्येक मराठी वाक्याचे शेवटचे तीन शब्द रोमन लिपीत लिहिलेला कागद, कारण त्यांना वाक्य अर्थावर उचलायचं नसून आवाजावर उचलायचं आहे. एरवी लागतात त्यापेक्षा किमान चार तालमी जास्त धरा.

अर्थात हे सगळं परवानगी मिळाली तर. तुमच्या पत्रात परवानगीचा शब्दही नाही, म्हणून काळजी वाटते. हौशी गटांचा नेहमीचा समज असतो की तिकीट नाही तर परवानगी नको, किंवा नावं बदलून "प्रेरित" लिहिलं की झालं. दोन्ही चूक. प्रयोगाचा परवाना एक, भाषांतराचा वेगळा, आणि चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकण्याचा तिसरा. भाषांतराचा निर्णय बहुधा लेखकाच्या प्रतिनिधीकडे असतो. पत्रात सभागृहाची आसनसंख्या, प्रयोग किती, तिकीट किती, दोन भाषांची कल्पना आणि कोणती भूमिका कोणत्या वंशाचा नट करणार, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. सोबत दहा पानांचं मराठी भाषांतर आणि त्याचं पुन्हा इंग्रजीत केलेलं शब्दशः रूप जोडा. हातात सहा महिने ठेवा. उत्तर येईपर्यंत संहितेची पीडीएफ गटात फिरवणं थांबवा आणि छापील प्रती विकत घ्या. सात नट, तुम्ही आणि प्रॉम्प्टर, नऊ प्रती लागतील.

म्हणून "सोडू की रेटू" यातलं काहीच करू नका. यंदाच्या महोत्सवाला दुसरं नाटक घ्या आणि हे पुढच्या वर्षासाठी ठेवा. मधलं वर्ष भाषेवर खर्च करा, कारण खरी गंमत आणि खरी मेहनत तिथे आहे.

पहिला प्रश्न 'तू' आणि 'तुम्ही'चा. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. बेव्ह फ्रॅन्सीनशी किती प्रेमाने वागते, निघताना तिला घरातलं जेवण गरम ठेवायचं भांडंही देऊ करते, आणि फ्रॅन्सीन नको म्हणते. मराठीत बेव्ह पहिल्याच वाक्यात "अगं फ्रॅन्सीन" म्हणणार आणि समोरून आदराचं संबोधन येणार. मूळ नाटकाला जे हळूहळू दाखवावं लागतं ते मराठीत दोन शब्दांत उघडं पडतं. आपल्या घरातल्या कामवाल्या बाईंशी आपण असंच बोलतो, त्यामुळे प्रेक्षकाला ते इतकं ओळखीचं वाटेल की खटकणारही नाही. तेच हवं आहे. मात्र कार्ल अल्बर्टला काय म्हणेल? "तू" म्हटलं तर तो लगेच खलनायक होतो. कार्ल स्वतःला सभ्य समजतो, म्हणून त्याने अल्बर्टला "तुम्ही" म्हणावं आणि जे म्हणायचं ते तरीही म्हणावं. दुसऱ्या अंकात सगळे सगळ्यांना "तुम्ही". भांडण चढलं की स्टीव्हच्या तोंडून एकदाच "तू" निसटू द्या. एकदाच. संहितेत ती जागा तांबड्या पेन्सिलने खुणा करून ठेवा, नाहीतर तिसऱ्या तालमीपासून सगळेच "तू"वर येतात आणि ती जागा संपते.

दुसरा प्रश्न नामांचा. 'नेबरहूड'साठी "वस्ती" घेतलं तर मराठी कानाला झोपडपट्टी ऐकू येते, "परिसर" सरकारी पत्रकातला वाटतो. पहिल्या अंकात कार्लला "आपला भाग" द्या. त्यातलं "आपला" त्याचं सगळं म्हणणं सांगतं. दुसऱ्या अंकात वकिली कागदातला "परिसर" चालेल. 'कम्युनिटी'ला "समाज" म्हणायचा मोह आवरा. मराठीत "आमच्या समाजात" म्हटलं की जात ऐकू येते, आणि ते तुम्हाला हवं असेल तरी ते जाणूनबुजून, एकाच जागी वापरा. "निग्रो" हा शब्द पहिल्या अंकात राहू द्या. १९५९ मध्ये तो शिष्टाचाराचा शब्द होता आणि सभ्य माणसाच्या तोंडी तोच असायचा. दुसऱ्या अंकात तो कुणाच्याही तोंडी नको, तिथे "आफ्रिकन-अमेरिकन" म्हणताना जीभ सांभाळणारी माणसं आहेत. बारीकशी सूचना, 'रस' हे नाव मराठी संहितेत आमरसासारखं वाचलं जातं. 'रस्' असं पाय मोडून लिहा, वाचनात फुकटचा हशा येणार नाही.

नाटकाच्या सुरुवातीला आइस्क्रीमवरून 'निओपोलिटन' म्हणजे नेपल्सचा, मग अमक्या गावच्या माणसाला काय म्हणतात, असा खेळ रंगतो. तो कापू नका, मराठी गावंही घालू नका. आपल्याकडे गावाला 'कर' लागला की आडनाव होतं, चिपळूणकर, सातारकर, त्यामुळे "माणूस कुठला" हे नावातच शोधण्याची सवय प्रेक्षकाला उपजत आहे. नटाने मजेत खेळलं की तार आपोआप जुळेल. पुढे हाच प्रश्न, कोण कुठला, कुणी कुठे राहावं, अंगावर येतो.

तिसरी अडचण वाक्यरचनेची, आणि बहुतेक भाषांतरं इथे मार खातात. दुसऱ्या अंकात सगळे एकमेकांचं बोलणं तोडतात. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून अर्धं वाक्य तुटलं तरी अर्थ पोचलेला असतो. मराठीत क्रियापद शेवटी. एक नमुना घ्या, हे वाक्य नाटकातलं नाही. "आम्हाला या भागाचा जुना तोंडवळा बदललेला..." इथे तोडलं तर बदललेला हवाय की नकोय, काहीच कळत नाही. तेच "आम्हाला नकोय हे बदलायला, या भागाचा जो जुना..." इथे तोडलं तर चालतं. बोलीत आपण क्रियापद पुढे आणतोच, फक्त लिहिताना शाळेची सवय आड येते. जिथे जिथे वाक्य तुटतं तिथे तुटण्याच्या आधीचे शब्द मोठ्याने म्हणून बघा. अर्थ पोचला तर ठेवा, नाहीतर वाक्य उलटवा. हे काम टेबलावर करा, उभं राहून नाही. पहिले दोन आठवडे सात खुर्च्या अर्धगोलात, हालचाल नाही, नुसतं बोलणं.

आता विनोद कापायचे का, हा प्रश्न. परवान्यात संहितेत फेरफार करता येत नाही, त्यामुळे तसं कापताच येणार नाही. पण समजा आलं असतं, तर काय गेलं असतं? त्या अंकात माणसं अर्धा तास उंची, फूट, नियम, अर्ज यांबद्दल बोलतात. खरं जे बोलायचंय ते कुणीच बोलत नाही. विनोद हा तो बांध फुटण्याचा क्षण आहे. तो काढला तर उरते नगरपालिकेची सुनावणी.

तुमच्या कार्यकारिणीची भीती खोटी नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. लोक दुखावले जातील ही भीती कमी आहे. लोक व्हॉट्सअॅपवरचा विनोद ऐकल्यासारखे मोकळे हसतील, ही जास्त आहे. त्याला उपाय दिग्दर्शनात आहेत. स्टीव्हने विनोद सांगायचा तो हसवायला नाही, बायको नको म्हणतेय म्हणून हट्टाने. ठेका घेऊन पंच मारायचा नाही. सांगून झाल्यावर हशाची वाट बघत थांबायचं नाही, दोन सेकंदांत पुढचं वाक्य आलं पाहिजे. प्रकाश सांगणाऱ्यावर नको, ऐकणाऱ्या लीनावर आणि केव्हिनवर ठेवा. आणि प्रयोगाआधी तीन आठवडे पंधरा जणांना वाचनाला बोलवा. प्रॉम्प्टरने कुठे हसले, किती जण हसले, कुणाकडे बघत हसले, ते समासात लिहायचं. पात्राच्या चुकीवर हसू आलं तर जागा बरोबर. पात्राच्या वंशावर हसू आलं तर नटाचा वेग आणि रोख बदला, वाक्याला हात लावू नका. बाकी फलकावर "१६ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी" असं ठळक लिहा आणि मुलांसाठी शेजारच्या वर्गात काही कार्यक्रम ठेवा.

कार्लची बायको बेट्सी, या बहिऱ्या पात्राबद्दलही हेच. तिच्या उच्चारांवर हशा घ्यायचा मोह नटीला होतो आणि प्रेक्षक देतोही. हशा कार्लच्या धांदलीवर यायला हवा. त्या भूमिकेसाठी बहिऱ्या व्यक्तीला एखाद-दोन तालमींना बोलवून तिचं ऐका.

ज्येष्ठांच्या गिरगावाकडे वळते. त्यांना मी सरळ एक प्रश्न विचारला असता, तुमच्या गिरगावात कृष्णवर्णीयांच्या जागी कोण? पत्रातल्या आराखड्यात त्या जागी मराठी माणूस आहे, बाहेरच्या पैशाने हुसकला गेलेला. ते दुःख खरं आहे. गिरणगाव-गिरगावातून डोंबिवली-विरारकडे गेलेली घरं तुमच्या गटातही असतील. पण तसं केलं की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून पीडिताच्या बाजूला बसतो आणि घरी जाईपर्यंत तिथून उठत नाही. मूळ नाटक त्याला अशी जागा देत नाही. आता दुसरी मांडणी करून बघा. घर मागायला आलेलं कुटुंब दलित किंवा मुसलमान आहे, आणि "आमच्या सोसायटीची पद्धत आहे हो" असं समजावणारा सभ्य सेक्रेटरी आपल्याच आडनावाचा आहे. त्या नाटकाला किती जण हात वर करतील? तिथे मिळणाऱ्या शांततेतच उत्तर आहे.

तरीही मी रूपांतर करू नका म्हणेन, कारण यंत्रणा वेगळी आहे आणि या नाटकाचा जीव यंत्रणेच्या तपशिलात आहे. शिकागोत बंदी कागदावर होती, सह्यांनिशी. हॅन्सबेरींच्या वडिलांनी १९३७ मध्ये वॉशिंग्टन पार्क भागात घर घेतलं तेव्हा तिथे मालकांचा करार होता, कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. रस्त्यालगतच्या ९५ टक्के लांबीच्या मालकांनी सही केली तरच तो लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या सुमारे ५४ टक्क्यांच्याच होत्या, तरी तो पूर्ण असल्याचं आधीच्या एका खटल्यात मान्य करून घेतलं गेलं होतं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॅन्सबेरींच्या बाजूने निकाल दिला, पण ते त्या आधीच्या खटल्यात पक्षकार नव्हते एवढ्याच मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी अंमलात आणायचे नाहीत हे ठरायला १९४८ उजाडलं. उलट आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची उपविधी वैध ठरवली. दोन देशांतले दोन रस्ते इतके वेगळे आहेत की एकावर दुसरा चिकटवला तर दोन्ही खोटे होतात. गिरगावचं नाटक हवं असेल तर ते नव्याने लिहा. ना-हरकत पत्र, दलालाचा "नॉनव्हेज चालत नाही" असा फोन, सभेचं इतिवृत्त, एवढ्या तीन कागदांतून पहिला प्रवेश उभा राहील.

कार्ल करणाऱ्या नटाला मात्र हा हिशेब नीट समजावा. "भाव पडतील" हे त्याचं म्हणणं थाप नव्हती. १९३४ पासून सरकारी गृहकर्ज विम्याचे नियमच मिश्र वस्तीला धोक्याची समजत होते, म्हणून तिथे कर्ज मिळेना, म्हणून भाव पडत. दलाल त्या भीतीवर गोऱ्यांकडून स्वस्तात घेऊन कृष्णवर्णीयांना हप्त्यांच्या करारावर महागात विकत, आणि एक हप्ता चुकला की घर परत घेत. कार्लचं गणित बरोबर होतं कारण नियम लिहिणाऱ्यांनी ते तसं करून ठेवलं होतं. नटाने त्याला खात्रीने, वहीत आकडे दाखवत बोलावं. ओरडू नये.

राहिला प्रश्न आपल्या संबंधाचा. कराराच्या जमान्यात पश्चिम किनाऱ्यावर "एशियाटिक" लोकांनाही त्याच कागदांनी बाहेर ठेवलं. भारतीयांना मोठ्या संख्येने दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, नागरी हक्कांच्या चळवळीने केलेल्या हवेत. आणि १९६८ चा घरांसंबंधीचा कायदा, ज्यासाठी १९६६ च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोच्या मार्केट (Marquette) पार्कमध्ये डोक्यावर दगड झेलला, त्यात वंशासोबत "मूळ देश" हाही शब्द आहे. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने भाड्याने किंवा विकत घेतलेलं घर त्या शब्दाच्या आधारावर उभं आहे. आणि याच लोकांच्या गप्पांत, नवीन आलेल्या मुलाला घर सुचवताना, "तो भाग चांगला नाही" हे वाक्य किती सहज येतं, ते आठवा. त्याला कारण म्हणून शाळेचे आकडे दिले जातात, आणि आकडे खरेही असतात. कार्लचेही होते.

हे प्रेक्षकाला भाषणातून सांगू नका, निवेदक तर मुळीच आणू नका. सभागृहाबाहेर एक टेबल पुरेल. १९३० च्या दशकातल्या कर्जसंस्थेचा शिकागोचा रंगीत नकाशा मोठा छापा, कर्जाला धोक्याचे ठरवलेले लाल रंगाचे भाग दिसू द्या. शेजारी पाच सालं आणि प्रत्येकासमोर एक ओळ. गटात कुणाचं घर जुन्या भागात असेल तर त्यांना मूळ खरेदीखत शोधायला सांगा. कायद्याने मेलेली ती बंदीची ओळ कित्येक जुन्या खतांमध्ये आजही छापलेली आहे. सापडलीच तर नाव-पत्ता झाकून तेवढी ओळ टेबलावर ठेवा. नटांना घेऊन एक रविवार वॉशिंग्टन पार्कजवळच्या ड्युसेबल या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयात जा. ६१४० साउथ ऱ्होड्स अव्हेन्यू हे हॅन्सबेरींचं घर तिथून दूर नाही. ते राहतं घर आहे, रस्त्यावरूनच बघायचं, फोटोत कुणी येणार नाही असं.

नेपथ्याचं शेवटचं. मध्यंतरात पन्नास वर्षं उलटायची असतात आणि शाळेचं सभागृह एकच दिवस आधी मिळतं. भिंतीच्या फळ्या आधी २००९ च्या रंगवा, पोपडे, ओल, भिंतीवरचं लिखाण. त्यावर १९५९ चा फुलाफुलांचा कागद मांजरपाटावर चिकटवून वेल्क्रोने टांगा. सहा माणसांनी पंधरा मिनिटांत ते सोललं पाहिजे. घड्याळ लावून तीनदा सराव करा, पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं लागतील.

केनेथची ट्रंक रिकामी ठेवू नका. पहिल्या अंकात ती पुरायला निघते, दुसऱ्यात खणताना सापडते. रिकाम्या ट्रंकेचा पत्रा वाजतो आणि उचलणाऱ्याची पाठ खोटं बोलते. आत वाळूच्या दोन पिशव्या, मिळून वीस किलो, जुन्या चादरीत घट्ट गुंडाळून टाका. दुसऱ्या अंकासाठी तशीच दुसरी ट्रंक, मातीने माखलेली, आणि वजन तेवढंच.